चर्चच्या किल्ल्या कोणाकडे?

आमची रविवारची मराठी शाळा न्यू जर्सीतल्या एका एपिस्कोपल चर्चच्या तळघरात, तिथल्या हॉलमध्ये भरते. दुपारी दोन ते चार. वरची उपासना आटोपून, खाली त्यांचे कॉफीचे कप विसळून झाले की आमची बाराखडी सुरू. दोन वर्षांपूर्वी आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या: दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एक जादा शनिवार, आणि अक्षरांचा मोठा तक्ता कायमचा लावायला भिंतीत दोन खिळे. मी सरळ तिथल्या धर्मगुरूबाईंना मेल टाकली. तासाभरात उत्तर आलं. शनिवार घ्या, हॉल कोणी केव्हा वापरायचा ते मी ठरवते. पण त्यासाठी भाड्याचा करार बदलायचा असेल तर तो व्हेस्ट्रीपुढे, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळापुढे, ठेवावा लागेल. आणि खिळ्यांचं ज्युनियर वॉर्डनना, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्यांना, विचारा.

एक हॉल आणि तीन मालक! मला आपल्याकडच्या कचेऱ्या आठवल्या, या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवणाऱ्या. पण पुढे या मंडळींशी वरचेवर काम पडत गेलं तशी एकेक गोष्ट उलगडत गेली. बाईंनी मला टोलवलं नव्हतं. त्या चार ओळींत त्यांच्या चर्चची अख्खी घटनाच आली होती.

थोडक्यात मांडायचं तर असं: वेदीवर काय चालावं हे धर्मगुरू ठरवतो, तिजोरीतून काय निघावं हे लोकांनी निवडलेली माणसं ठरवतात, आणि जागा विकायची वेळ आली तर दोघांनाही बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चेसच्या प्रमुखाचं, दार ठोठवावं लागतं. कोणालाही एकट्याने फार पुढे जाता येत नाही. हे असं का झालं, ते समजायला जरा मागे जावं लागतं.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतली शाखा. नाव ग्रीक ‘एपिस्कोपोस’वरून आलं, अर्थ देखरेख करणारा, म्हणजेच बिशप. गंमत अशी की नावातच बिशप असलेल्या या परंपरेला अमेरिकेत पावणेदोनशे वर्षं बिशपच नव्हता. १६०७ साली इंग्रज जेम्सटाउनला उतरले, त्यांच्याबरोबर त्यांची प्रार्थनाही उतरली. अमेरिकेसाठी पहिला बिशप, सॅम्युएल सीबरी, अभिषिक्त झाला तो १७८४ साली, आणि तोही स्कॉटलंडातल्या ॲबरडीनला जाऊन. मधल्या काळात देखरेख लंडनच्या बिशपची, ती अर्थात कागदोपत्री. दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला, त्यामुळे वसाहतीतल्या एखाद्या तरुणाला धर्मगुरू व्हायचं असेल तर जहाजात बसून अटलांटिक ओलांडावा लागे.

वरचा माणूस समुद्रापलीकडे असला की खालचे कारभारी होतात. व्हर्जिनियात तेच झालं. तिथल्या कारभाऱ्यांच्या मंडळाला म्हणत व्हेस्ट्री. हा शब्द मूळचा खोलीचा: धर्मगुरूंचे झगे ठेवायची चर्चमधली खोली. इंग्लंडात गावातली माणसं बैठकीला तिथे जमत, म्हणून बैठकीचं नाव व्हेस्ट्री पडलं, आणि पुढे बैठकीत बसणाऱ्यांचंही. आपल्या ‘चावडी’चं झालं तसंच, चावडी म्हणजे जागाही आणि तिथे बसून निवाडा करणारेही.

१६६२ च्या कायद्याने व्हर्जिनियातल्या प्रत्येक पॅरिशला बारा जणांची व्हेस्ट्री ठरवून दिली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. बारांपैकी एखादा मेला किंवा सोडून गेला की उरलेलेच नवा माणूस घेत. पुन्हा लोकांपुढे जायची भानगड नाही. सगळे बडे जमीनदार, एकमेकांचे सोयरे. आणि अधिकार केवढे! पॅरिशचा कर हीच मंडळी बसवायची, तोही तंबाखूत. धर्मगुरूचा पगारसुद्धा तंबाखूतच. १६९६ पासून वर्षाला १६,००० पौंड पानं. पोरक्या मुलांना कोणाच्या हाताखाली कामाला ठेवायचं, गावातल्या आंधळ्या म्हातारीला कोणाच्या घरी सांभाळायला द्यायचं आणि त्या घराला त्याबद्दल किती तंबाखू द्यायची, हे सगळं व्हेस्ट्रीच्या वहीत. दर चार वर्षांनी माणसं नेमून प्रत्येकाच्या जमिनीच्या हद्दीवरून चालत जायचं आणि झाडांवरच्या खुणा ताज्या करायच्या, हेही काम तिचंच. देवस्थान समिती, तलाठी आणि समाजकल्याण खातं एकाच बाकावर बसवल्यासारखं.

या व्हेस्ट्र्यांची एक युक्ती मला फार ओळखीची वाटली. धर्मगुरूची रीतसर कायम नेमणूक करायची तर त्याला गव्हर्नरपुढे उभं करावं लागे, आणि एकदा ती झाली की त्याला हलवणं अवघड. मग व्हेस्ट्र्यांनी काय करावं? गव्हर्नरपुढे न्यायचंच नाही. वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवायचं. पटलं तर पुढचं वर्ष, नाही तर रामराम. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार ज्यांनी शोधून काढला, त्यांच्या आधी शेदोनशे वर्षं ही कला व्हर्जिनियात पूर्णत्वाला गेली होती.

जॉर्ज वॉशिंग्टन या मंडळींपैकीच एक. सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १७६२ साली, तो ट्रुरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर आला. वॉर्डन म्हणूनही त्याने काम केलं. चर्चच्या नव्या इमारतीसाठी निविदा मागवणं वगैरे. अमेरिकेच्या पुढाऱ्यांना सार्वजनिक हिशेब ठेवायची, इतिवृत्त लिहायची, ठराव मांडायची सवय कुठे लागली याचं एक उत्तर व्हेस्ट्रीच्या बाकावर मिळतं. ते एकमेव उत्तर नव्हे, पण लहानही नव्हे.

मग स्वातंत्र्ययुद्ध झालं आणि चर्चचा सरकारी आधार तुटला. कर गेला, तंबाखू गेली, गरिबांच्या देखभालीचं काम सरकारी अधिकाऱ्यांकडे गेलं. राजाशी निष्ठेची शपथ घेतलेले कितीतरी धर्मगुरू निघून गेले. उरली ती रिकामी चर्चेस आणि त्यांच्या व्हेस्ट्र्या. अशा वेळी फिलाडेल्फियाचा धर्मगुरू विल्यम व्हाइट याने १७८२ मध्ये एक छोटं पुस्तक काढून म्हटलं की आता चर्च नव्याने बांधायचं तर ते खालून वर बांधू या. धर्मगुरू आणि सामान्य सभासद यांनी मिळून प्रतिनिधी निवडायचे आणि नियमही मिळून करायचे. १७८५ साली असे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १७८९ मध्ये घटना तयार झाली आणि दोन सभागृहं झाली, एक बिशपांचं, दुसरं प्रतिनिधींचं. यातलं प्रतिनिधींचं सभागृह वयाने मोठं आहे. बिशपांचं नंतर आलं. इंग्लंडातल्या कोणा बिशपला हे ऐकून घेरी आली असती.

आजही ती रचना तशीच आहे. दर तीन वर्षांनी महाअधिवेशन भरतं. प्रत्येक डायसिस, म्हणजे धर्मप्रांत, चार धर्मगुरू आणि चार सामान्य सभासद पाठवू शकतो. महत्त्वाच्या प्रश्नांवर या दोन गटांची मतं वेगवेगळी मोजतात आणि दोन्हीकडे बहुमत लागतं. म्हणजे धर्मगुरूंना हवं आणि लोकांना नको, असा ठराव पडतो. उलटही.

‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी फार मोकळेपणाने विचारला नव्हता. फिलाडेल्फियातच ॲब्सलम जोन्स या गुलामीतून सुटलेल्या गृहस्थाच्या नेतृत्वाखाली काळ्या सभासदांनी सेंट थॉमस हे चर्च उभारलं. १७९४ मध्ये ते धर्मप्रांतात सामील झालं. कारभार आमचा आमच्याच हाती राहील, ही अट त्यांनी मान्य करून घेतली. पण धर्मप्रांताच्या अधिवेशनात त्यांचा प्रतिनिधी बसू दिला नाही, तो पुढची अनेक दशकं. बायकांना तर महाअधिवेशनात प्रतिनिधी म्हणून रीतसर बसायला १९७० साल उजाडावं लागलं. आमच्या मेलला उत्तर देणाऱ्या धर्मगुरूबाई त्या वेळी शाळकरी मुलगी असतील.

आता आजच्या चर्चकडे येऊ. मला ते आतून दिसलं ते एका फ्यूजमुळे.

दिवाळीच्या शनिवारी आमच्याकडून दोन भातकुकर, एक मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकाच वेळी चालू झाली आणि निम्मा हॉल अंधारात गेला. ज्युनियर वॉर्डन आजोबा (आमची पोरं त्यांना आजोबाच म्हणतात, आणि त्यांनाही त्याचा अर्थ आता ठाऊक आहे) दहा मिनिटांत हजर झाले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात विजेरी. रागावले नाहीत. पण पुढच्या महिन्यात व्हेस्ट्रीच्या बैठकीचं निमंत्रण आलं: वायरिंगचा विषय आहे, भाडेकरूंचं म्हणणं ऐकायचं आहे.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता वाचनालयाच्या खोलीत लांब टेबलाभोवती बारा माणसं. एक निवृत्त शिक्षिका, एक प्लंबर, एक बँकेतली, एक कॉलेजात जाणारा मुलगा. बाई प्रार्थना करून अध्यक्षस्थानी बसल्या. नियमाप्रमाणे व्हेस्ट्रीचं अध्यक्षपद रेक्टरकडे, म्हणजे पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूकडे असतं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर. मग खजिनदारांचा अहवाल, ओळ न् ओळ. मग बॉयलर. बॉयलरवर पन्नास मिनिटं. मला वाटलं होतं, चर्चच्या बैठकीत आत्म्याबद्दल काही बोलतील. त्या रात्री सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द ‘प्रेशर व्हॉल्व्ह’ हा होता.

या बारा जणांना निवडतं कोण? सभासद. वर्षातून एकदा, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आसपास, वार्षिक सभा असते. मताचा अधिकार कोणाला, हे राज्याचा कायदा, धर्मप्रांताचे नियम आणि पॅरिशची उपविधी मिळून ठरवतात, त्यामुळे जागोजागी फरक. पण चर्चच्या नियमात ‘कम्युनिकंट’ सभासदाची व्याख्या आहे आणि ती मला आवडली. मागच्या वर्षात किमान तीन वेळा प्रभुभोजन (उपासनेत येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घेतलेला माणूस, वय सोळा पुरं असेल तर प्रौढ. ‘चांगल्या स्थितीतला’ सभासद म्हणायचं तर त्याने उपासनेत, कामात, प्रार्थनेत आणि देण्यात निष्ठा ठेवलेली हवी. देण्यात म्हणजे पैसे. किती, ते लिहिलेलं नाही.

व्हेस्ट्रीची मुदत बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश माणसं नवी. वसाहतीतल्या बारा जमीनदारांनंतर हा शहाणपणा आलेला दिसतो. पण निवडणूक म्हटल्यावर चुरस वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या हाउसिंग सोसायटीत होतं तेच इथे होतं. कोणी उभं राहायला तयार नसतं, मग कॉफीच्या वेळी एखाद्याला कोपऱ्यात गाठून ‘तुम्ही घ्याच हो या वेळी’ म्हणावं लागतं. छोट्या चर्चमध्ये तीच सात-आठ माणसं आलटून पालटून सगळी पदं भूषवतात आणि दमतात. या पद्धतीचा सगळ्यात कच्चा दुवा मला विचाराल तर हाच.

व्हेस्ट्रीत दोन वॉर्डन. सीनियर वॉर्डन म्हणजे रेक्टरचा उजवा हात. अनेक पॅरिशमध्ये त्याला रेक्टरच नेमतो. ज्युनियर वॉर्डन लोकांचा. इमारत, छप्पर, गटारं, बर्फ उपसणं, किल्ल्या हे बहुधा त्याच्याकडे. हे नियमात लिहिलेलं नसतं, रूढीने पडलेलं असतं. शिवाय एक चिटणीस आणि एक खजिनदार. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चसारखी एखादी संस्था असते, १६९७ च्या सनदेवर उभी आणि १७०५ मध्ये राणी ॲनकडून मिळालेल्या मॅनहॅटनच्या जमिनीवर श्रीमंत झालेली. तिथल्या व्हेस्ट्रीपुढे अब्जावधी डॉलरच्या मालमत्तेचे कागद येतात. पण बाकीच्या बहुतेकांपुढे बॉयलरच येतो.

पैसा येतो कुठून? सरकारकडून एक सेंटही नाही, आणि वरून बिशपकडूनही सहसा नाही. उलट पॅरिशच धर्मप्रांताला वाटा देतं. शरद ऋतूत सभासदांना कार्डं वाटतात; पुढच्या वर्षी आपण किती देणार हे प्रत्येकाने त्यावर लिहायचं. याला प्लेज म्हणतात. त्या कार्डांची बेरीज, हॉलची भाडी (त्यात आमचं) आणि असेल तर जुन्या ठेवीचं व्याज, यावर व्हेस्ट्री अंदाजपत्रक बांधते. खर्चाची सगळ्यात मोठी ओळ बहुधा धर्मगुरूंचा पगार. त्या पगारावर आणखी १८ टक्के चर्चच्या पेन्शन फंडात भरावे लागतात, आणि ते टाळता येत नाहीत. खजिनदारांनी तो आकडा वाचला तेव्हा टेबलाभोवती एक हलका सुस्कारा फिरला. बाई तेवढ्यापुरत्या खिडकीबाहेर बघत होत्या.

हिशेबाचे नियम मात्र कडक आहेत. दरवर्षी तपासणी, खजिनदाराचा हमीविमा, इमारतीचा विमा. रविवारच्या दानाच्या ताटातले पैसे एकट्याने मोजायचे नाहीत, एकमेकांशी नातं नसलेल्या दोघांनी मोजायचे, अशी शिस्त पाळतात. दरवर्षी सभासद किती, रविवारची उपस्थिती किती, जमा-खर्च किती याचा अहवाल १ मार्चपर्यंत वर जातो, आणि तो रेक्टर आणि व्हेस्ट्रीने मिळून पाठवायचा असतो.

एवढं सगळं व्हेस्ट्रीच्या हातात, मग रेक्टर नोकरच की! असं मला वाटलं, आणि तिथेच मी चुकलो. चर्चच्या नियमांत व्हेस्ट्री ही पॅरिशच्या मालमत्तेपुरती आणि धर्मगुरूशी असलेल्या पॅरिशच्या व्यवहारापुरती प्रतिनिधी आहे. उपासना कशी व्हावी, कोणती गाणी म्हणावीत, वेदी कुठे असावी, आध्यात्मिक बाबी कशा हाताळाव्यात यावर पूर्ण अधिकार रेक्टरचा. आपल्या कामासाठी चर्चच्या इमारतींचा वापर आणि ताबाही त्याचाच. म्हणून तर बाईंनी आम्हाला शनिवार तासाभरात देऊन टाकला. भजनमंडळाच्या गाण्यांवर व्हेस्ट्रीतल्या कोणाचा आक्षेप असला तर त्याने तो बोलून दाखवावा. ठराव करून काही उपयोग नाही. पण ऑर्गन दुरुस्त करायचा तर पैसे व्हेस्ट्री देणार. गाणी एकाची, ऑर्गन दुसऱ्याचा.

याहून मजेशीर नियम दानाचा आहे. महिन्यातून एका रविवारी ताटात जे सुटे दान पडतं, ज्यावर कोणी कशासाठी ते लिहिलेलं नसतं, ते रेक्टरच्या हाती जातं, गरजूंसाठी. कोणाचं भाडं थकलंय, कोणाकडे औषधाला पैसे नाहीत, त्याला किती द्यायचं हे रेक्टर ठरवतो. नावं व्हेस्ट्रीला सांगायची गरज नाही. खात्याचा हिशेब तपासला जातो, पण मदत घेणाऱ्याची अब्रू बारा जणांच्या टेबलावर येत नाही. व्हर्जिनियाच्या जुन्या वहीत प्रत्येक गरिबाचं नाव आणि त्याच्यावरची तंबाखू लिहिलेली असे, हे आठवलं की या छोट्या नियमाचं मोल कळतं.

आणि जमलं नाही तर? व्हेस्ट्री रेक्टरला मनात आलं म्हणून काढू शकत नाही. रेक्टरलाही व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देता येत नाही. नेमणुकीला मुदत नसते. खटके विकोपाला गेले तर दोघांपैकी कोणीही बिशपकडे जायचं. तो मध्यस्थी करतो, आणि गरज पडली तर संबंध तोडायचा का, कोणत्या अटींवर, हे तोच ठरवतो. अकरा महिन्यांच्या कराराला दिलेलं हे उत्तर आहे. व्हेस्ट्र्यांनी धर्मगुरूंना जसं टांगतं ठेवलं, ते पुन्हा होऊ नये अशी सोय.

आमच्या शाळेत शिकवणारी एक मैत्रीण नगरची. तिचे वडील तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पास्टोरेट कमिटीचे खजिनदार होते. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला स्थापन झालं. त्यात भारतातली अँग्लिकन शाखा आणि इतर पाचेक परंपरा एकत्र आल्या. तिला हे सगळं अर्धं ओळखीचं वाटलं. कमिटी, खजिनदार, वार्षिक सभा, बॉयलरऐवजी छपराचे पत्रे, बाकी तेच. “पण आमच्याकडे पाळकसाहेबांची बदली होते,” ती म्हणाली. “धर्मप्रांताकडून कागद येतो, सामान ट्रकात आणि मंडळी डोळे पुसते. पाळक आपण शोधायचा, मुलाखती घ्यायच्या, हे बाबांना सांगितलं तर ते म्हणतील, हे काय लग्न आहे?”

लग्नाशी साम्य आहे खरं, त्याकडे येतोच. आधी जागेचं.

इमारत आणि जमीन व्हेस्ट्री सांभाळते, विमा भरते, कर्जाचे कागद बघते. तरी ती विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर बिशपची आणि धर्मप्रांताच्या स्थायी समितीची संमती लागते. या समितीतही धर्मगुरूंबरोबर सामान्य सभासद असतातच. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन कळेल: सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची तर विश्वस्तांना कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. फरक एवढाच की इथे आयुक्त सरकारी नाही, चर्चचाच आहे. अमेरिकन सरकार यात पडत नाही, निदान भांडण कोर्टात जाईपर्यंत.

आणि भांडण कोर्टात गेलंच. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या संप्रदायाच्या खटल्यात सांगितलं की चर्चच्या मालमत्तेचा वाद दिवाणी कोर्ट साध्या कागदपत्रांवरून सोडवू शकतं. तुम्हाला मालमत्ता मूळ संस्थेसाठी राखायची असेल तर तसं आधीच स्पष्ट लिहून ठेवा. एपिस्कोपल चर्चने त्याच वर्षी लिहून ठेवलं: पॅरिशच्या नावावरची सगळी मालमत्ता धर्मप्रांतासाठी आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. चर्चच्या या नियमाला डेनिस कॅनन म्हणतात.

त्याची कसोटी लागली ती व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या अंगणात. फॉल्स चर्च नावाचं एक चर्च आहे. गावाला नाव त्याच्यावरूनच पडलं. विटांची इमारत १७६९ ची. वॉशिंग्टन ज्या पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर निवडला गेला, त्यातच तेव्हा हे चर्च येत होतं. २००३ मध्ये एका उघडपणे समलिंगी धर्मगुरूला न्यू हॅम्पशायरचा बिशप म्हणून मान्यता मिळाली, आणि आधीपासून साचलेल्या मतभेदांना तोंड फुटलं. डिसेंबर २००६ मध्ये फॉल्स चर्चच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने एपिस्कोपल चर्च सोडायचं ठरवलं. सोडून जाणं सोपं होतं. प्रश्न असा की इमारत कोणाची? वर्गणी आमची, डागडुजी आमची, व्हेस्ट्री आमची, असं जाणारे म्हणाले. उरलेले मूठभर सभासद समोरच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जागा मागून उपासना करत राहिले. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१२ मध्ये निकाल धर्मप्रांताच्या बाजूने गेला, २०१३ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायचं नाकारलं. बहुमताला इमारत सोडावी लागली.

यात कोणाची बाजू न्याय्य, यावर अजून लोक तावातावाने बोलतात. मला दोन्हीकडचं दुःख कळतं. ज्यांनी पंचवीस वर्षं छपराला पैसे दिले त्यांना बाहेर पडताना काय वाटलं असेल! पण ज्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी विटा दिल्या ते मत द्यायला हजर नव्हते, हेही खरं. विश्वस्त या शब्दात हेच अवघडलेपण असतं.

आता लग्न. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाला आम्ही पुरणपोळ्या नेल्या होत्या, कुकर एकच लावून. त्या गेल्यापासून चर्च ‘शोधात’ आहे.

रेक्टरची जागा रिकामी झाली की वॉर्डननी लगेच बिशपला कळवायचं असतं. तीस दिवसांत उपासनेची सोय झाली नाही तर बिशपने ती करायची. तोवर एखादा हंगामी धर्मगुरू येतो. मग व्हेस्ट्री एक शोधसमिती नेमते. आधी आपणच कोण आहोत हे लिहून काढायचं: सभासद किती, वयं काय, पैसे किती, भांडणं कशावरून होतात. याला प्रोफाइल म्हणतात, आणि ते बायोडेटापेक्षा प्रामाणिक असावं अशी अपेक्षा असते. मग अर्ज, मुलाखती, उमेदवाराच्या चर्चमध्ये गुपचूप जाऊन मागच्या बाकावर बसून प्रवचन ऐकणं. शेवटची निवड व्हेस्ट्रीची. पण त्याआधी नावं बिशपकडे पाठवायची, आणि आपलं म्हणणं कळवायला त्याला जास्तीत जास्त साठ दिवस द्यायचे. मुलगी पसंत करायची घरच्यांनी, पण मामांच्या कानावर घालून.

दरम्यान चर्च थांबलेलं नाही. आजारी सभासदांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणारी माणसं आहेत, बिशपचा परवाना असलेली पण धर्मगुरू नसलेली. हंगामी धर्मगुरू नसतो त्या रविवारी सकाळची प्रार्थना अशीच परवानाधारक शिक्षिका चालवते. वेदीवरची कापडं इस्त्री करणाऱ्या बायकांचा गट आहे. त्यांच्या कपाटाची किल्ली मात्र आजोबांकडेही नाही.

आणि आमचा करार? सीनियर वॉर्डन म्हणाले, नवा रेक्टर येईपर्यंत तीन-तीन महिन्यांनी वाढवू. हॉल कोणी वापरावा हे येणाऱ्या माणसाला ठरवता यायला हवं. आम्ही मान डोलावली. वायरिंग मात्र झालं, व्हेस्ट्रीने ते मंजूर केलं होतं. भिंतीवर आता दोन स्वतंत्र सर्किटं आहेत आणि आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी: एका सॉकेटला एकच भातकुकर.

मागच्या रविवारी प्रोफाइलसाठीची प्रश्नावली आमच्याकडेही आली, भाडेकरू म्हणून. पहिला प्रश्न: या मंडळीबद्दल नव्या रेक्टरला कोणीतरी आधीच सांगायला हवं, असं काय आहे? आमच्या शाळेच्या समितीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. एकाने सुचवलं, बॉयलर. ते आम्ही लिहिलंय. बाकीच्या ओळी अजून कोऱ्या आहेत. कागद येत्या रविवारी दोनच्या आत वरच्या पेटीत टाकायचाय.